तिसऱ्या मजल्यावरची टेप

"तुम्ही याआधी आला होतात का इथे?" बाईंनी विचारलं.

मी ड्रिलची पेटी हातात धरून दारातच उभा होतो आणि समोरच्या गॅलरीकडे बघत होतो. बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या हे नंतर कळलं, पण प्रश्न विचारायची पद्धत बघून आधीच कळायला हवं होतं.

"हो," मी म्हणालो. "अकरा वर्षं झाली."

"मग आत या. दारात उभं राहून कसल्या आठवणी काढताय?"

आत गेलो. खरं तर आठवण एकही निघत नव्हती आणि तेच मला खटकत होतं. माणसांचे चेहरे मी विसरतो, भिंती विसरत नाही. कुठली भिंत पोकळ लागली, कुठे सळई आडवी आली, हे मी वीस वर्षांनंतरही सांगू शकतो. ही खोली मात्र पहिल्यांदाच बघतोय असं वाटत होतं. तापात होतो, म्हणून असेल, असं मी नेहमीप्रमाणे स्वतःला सांगितलं.

पलंगावर बाईंचे यजमान पडून होते, तेही शिक्षकच; बाई त्यांना सर म्हणत. अर्धं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, डोळे तेवढे शाबूत. उकाड्याने त्यांच्या पाठीला फोड आले होते. "संध्याकाळपर्यंत खोली गार झाली पाहिजे," बाई म्हणाल्या. "बाकी मला त्यातलं काही कळत नाही. म्हणजे कळेल, पण तुम्ही सांगितलंत तर."

दुकानात मला सगळे दाजी म्हणतात. दाजी मी एकाच माणसाचा, दुकानाच्या मालकाचा. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पण मालक ज्याला दाजी म्हणतो त्याला समोरचा चहावालाही दाजीच म्हणतो, आणि अशा रीतीने मी अख्ख्या बाजाराचा जावई झालो आहे. मेहुण्याला एसी बसवायला मीच शिकवलं, पाना कसा धरायचा इथपासून. पुढे दोघांनी मिळून दुकान टाकलं. पाटीवर दोघांची नावं होती, आता एकाचंच आहे. माझं नाव गेलं ते याच इमारतीच्या या तिसऱ्या मजल्यापायी.

झालं असं की त्या दिवशी या इमारतीत आमची दोन कामं होती, एक तिसऱ्या मजल्यावर आणि एक पाचव्या. वेळ थोडा होता म्हणून दोघांनी एकेक वाटून घेतलं. मला सडकून ताप होता. गोळ्या घेऊन उभा होतो. कानात ड्रिल घरघरत होतं आणि कुणीतरी पाण्याचा पेला हातात दिला, एवढंच त्या दिवसाचं मला आठवतं. दीड महिन्याने सोसाट्याचा वारा सुटला आणि तिसऱ्या मजल्याचं बाहेरचं मशीन ब्रॅकेटसकट खाली आलं. खाली वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. त्याचा जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

पोकळ भिंतीत आखूड बोल्ट ठोकले होते. कालपरवा कामाला लागलेल्यानेही करू नये अशी चूक. "दाजी, तिसरा तुमचा होता," मेहुणा हळूच म्हणाला होता, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "तुम्ही तापात होतात. मी सांगतो सगळ्यांना तसं." मी विश्वास ठेवला. न ठेवायला माझ्यापाशी होतं काय? ज्याला स्वतःचंच आठवत नाही त्याने दुसऱ्याला खोटं कसं ठरवायचं. रहिवाशांच्या सभेत मी मान वर न करता उभा राहिलो आणि म्हणालो, चूक माझी आहे.

पाटीवरून नावही मीच काढायला लावलं. मेहुण्याने मला कामावर ठेवून घेतलं. त्याच्या मोठ्या मनाचं सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. त्यानंतर मी बाहेरच्या भिंतीला एकही भोक पाडलेलं नाही. आतलं मशीन मी बसवतो, बाहेरचं माझा जोडीदार लंबू. बायको म्हणायची, "माझा भाऊ तुम्हाला किती जपतो बघा, त्या इमारतीचं काम आलं तर तुमच्या कानावरही घालत नाही." ते खरं होतं. "लोक ओळखतील, तुम्हाला उगाच मनस्ताप," असं मेहुणा म्हणायचा आणि तिथली कामं स्वतः बघायचा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी वॉचमनकडे जातो. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत तो एकटा राहतो. त्याचा पंखा, स्टोव्ह, रेडिओ, जे बिघडेल ते दुरुस्त करून देतो. बायको त्याच्यासाठी डबा भरून देते, एकदाही चुकलेली नाही. तो डबा घेतो, फारसं बोलत नाही. एकदाच म्हणाला होता, "तुम्ही येता ते बरं वाटतं. पण तुम्ही आलात की पाय आठवतो." मी रेडिओचे स्क्रू आवळत राहिलो.

या आठवड्यात मेहुणा त्याच्या सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी परगावी गेला होता. दुकानात फोन घेणारी मुलगी नवीन. तिने पत्त्याची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. मी वाचली आणि परत केली.

"हे काम मला नको."

"दाजी, दुसरं कोणी मोकळं नाही. घरात आजारी माणूस आहे हो. त्या बाईंचे सकाळपासून तीन फोन आले."

म्हणून आलो. लंबू दुसरीकडे अडकला होता, तो दुपारी येणार होता. तोवर आतलं उरकून घ्यावं म्हणून मी भिंतीवर पट्टी धरली, पाणसळ लावली आणि पेन्सिलीने खुणा केल्या. बाई खुर्ची ओढून बसल्या, जणू मी परीक्षेला बसलोय आणि त्या देखरेखीला.

"डावखुरे का तुम्ही?"

"हो."

"आमच्या शाळेत डाव्या हाताने लिहिणाऱ्यांच्या बोटांवर पट्टी मारायचो आम्ही. तसंच करायचं असतं असं सांगितलं होतं आम्हाला." त्या थोड्या थांबल्या. "चुकलंच ते."

"माझ्या गुरुजींनी तर हात सुतळीने बाकाला बांधला होता. लिहायला उजव्याने शिकलो. बाकी सगळं डाव्यानेच करतो."

"म्हणजे गुरुजी हरले."

"अर्धे."

बाई हसल्या. पलंगावरच्या सरांनीही काहीतरी आवाज केला. "तेही हसले," बाई म्हणाल्या, आणि मला खरंच बरं वाटलं. या घरात कुणी मला हसून बोलेल असं मी येताना धरलंच नव्हतं.

जुनं भोक पलंगाच्या डोक्याशी होतं, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बुजवलेलं. त्या अपघातानंतर घरमालकाने पुन्हा एसी लावला नव्हता, आणि नंतरच्या भाडेकरूंनाही लावू दिला नव्हता. सरांची अवस्था बघून यंदा तो कबूल झाला होता. "तेच भोक वापरा म्हणालेत," बाई म्हणाल्या. "आणि बाहेर ते काय लोंबतंय तेवढं काढून टाका. गॅलरीत गेलं की दिसतं, बघवत नाही मला."

मी गॅलरीत गेलो आणि कठड्यावरून वाकून पाहिलं. भोकातून हातभर लांबीचा पाइपांचा जुडगा बाहेर येऊन खाली वळला होता. मशीन पडताना तिथेच तुटला असणार. मधल्या काळात कधीतरी इमारतीला रंग लावला गेला होता आणि रंगाऱ्याने तो तुकडाही भिंतीबरोबर रंगवून टाकला होता.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तांब्याचे दोन पाइप, पाण्याची नळी आणि वायर असा जुडगा करून त्यावर पांढरी टेप गुंडाळतात. खालून वर गुंडाळायची, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर बसतो आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. उजव्या हाताच्या माणसाचे वेढे एका बाजूला तिरके चढतात, माझे बरोबर उलट. बायकांच्या आणि पुरुषांच्या शर्टाची बटणं असतात तसं. रस्त्याने जाताना लंबू वर बघून नुसत्या टेपवरून सांगतो, हे दाजींचं काम, हे शेठचं, म्हणजे मेहुण्याचं. दुकानातला जुना खेळ आहे तो.

मी पान्याच्या टोकाने रंग खरवडला. रंगाखाली टेप होती. वेढे माझे नव्हते.

आधी वाटलं, वाकून बघतोय म्हणून उलटं दिसत असेल. बाईंकडून स्टूल मागून घेतलं, त्यावर चढून नीट पाहिलं. बोटाने एकेक वेढा चाचपला. मग मान वर केली. बरोबर दोन मजले वर, पाचव्या मजल्याचं मशीन आपल्या जागी होतं. चालू मशीन म्हणून रंगाऱ्याने तिथली टेप रंगवली नव्हती; ती उन्हाने पिवळी पडली होती, पण वेढा सुटलेला नव्हता, आणि सगळे उलट्या बाजूला चढत होते. ब्रॅकेट सरळ, चारही बोल्ट जागच्या जागी. अंगात ताप असताना मी ते बसवलं होतं, आणि अकरा वर्षांचं ऊन, वारा, पाऊस खाऊन ते तिथेच होतं.

मी स्टुलावरून उतरलो आणि गॅलरीच्या फरशीवर बसलो. अकरा वर्षं मी या हाताकडे चोराकडे बघावं तसं बघत आलो होतो.

बाई पाणी घेऊन आल्या. "काय झालं?"

"काही नाही. जरा चक्कर आली."

"खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला लांबून ओळखता येतो."

"मी नाही बोललो खोटं," मी म्हणालो. बाईंना त्याचा अर्थ कसा कळणार. पण त्यांनी पुढे विचारलं नाही, पेला माझ्या हातात दिला आणि आत गेल्या.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, त्या मुलीला अक्कल नाही. तुम्हाला तिथे कशाला पाठवलं? तुम्ही निघा, लंबू करेल एकटा."

"आतलं होत आलंय."

"बरं." तो घुटमळला. "जुना पाइप होता का हो तिथे?"

"आहे."

"काढून फेकलात ना?"

ही चौकशी मशीन बसवणाऱ्या माणसाची नव्हती. "नाही अजून," मी म्हणालो. "बघत बसलोय."

पलीकडे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती, कुणीतरी कुणाला तरी रांगेत उभं राहायला सांगत होतं.

"तिसरा तुझा होता," मी म्हणालो.

"दाजी, माझं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं हो. मोडलं असतं ते."

"आणि माझं नाव?"

"तुम्हाला सगळे मानत होते. तुमच्या हातून झालं म्हटल्यावर लोक सांभाळून घेतील असं वाटलं. आणि घेतलंच ना?" मग त्याचा आवाज खाली गेला. "मी एकट्याने नाही ठरवलं. ताईला विचारा."

मी फोन बंद केला. मेहुण्याने फसवलं ते एक वेळ समजू शकत होतो. माणूस घाबरला की शेजाऱ्याला पुढे ढकलतो. पण "ताईला विचारा" हे शब्द मला गिळता येईनात.

लंबू आला तेव्हा मी तो जुना जुडगा कापून पिशवीत टाकला होता. त्याने दोर खांद्यावरून उतरवला आणि म्हणाला, "सरका दाजी."

"आज बाहेरचं मी करतो. तू दोर धर."

लंबू एरवी बोलायला लागला की थांबत नाही. आज त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गुपचूप दोर माझ्या कमरेला बांधला.

मी हातोडीने भिंत वाजवत गेलो. जुन्या बोल्टांच्या भोकांपाशी ती पोकळ वाजत होती. एक वीत वर गेलो आणि आवाज घट्ट झाला; तिथे काँक्रीटचा पट्टा होता. एक वीत. तेवढं हातोडी आपटून बघितलं असतं, तर एका माणसाचा पाय राहिला असता. मी पट्ट्यात लांब बोल्ट घातले, ब्रॅकेटवर स्वतःचा सगळा भार टाकून पाहिला, मग मशीन चढवलं. पाइप जोडले, आतली हवा पंपाने ओढून घेतली, गॅस सोडला. शेवटी टेप घेतली आणि खालून वर गुंडाळत आणली. लंबू बघत होता. "दाजींचं काम," तो म्हणाला. गॅलरीत कापलेल्या जागी पडलेले जुन्या टेपचे तुकडे त्यानेही पाहिले होते.

चार वाजता मशीन सुरू केलं. सर थोडा वेळ वाऱ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी डोळे मिटले. "कित्येक दिवसांनी दिवसा झोपलेत," बाई कुजबुजल्या. कामाच्या कागदावर सहीचे दोन रकाने असतात, आतलं कोणी बसवलं आणि बाहेरचं कोणी. मी दोन्हींत सही केली. उजव्या हाताने, गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तो पाइपाचा तुकडा टेबलावर ठेवला.

"हे काय आणलंत?"

"तिसऱ्या मजल्याचं आहे."

दुकानातला खेळ तिलाही ठाऊक होता. टेप ओळखायला तिला एक क्षण लागला. हातातला टॉवेल तिने मांडीवर ठेवला आणि त्याची घडी मोडली.

"कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून. तो रडत आला होता. आई गेल्यावर मीच वाढवलाय त्याला."

"मी तुला विचारलं होतं," मी म्हणालो. "याच खोलीत. म्हटलं होतं, माझ्या हातून असं होईल का गं? तुला काय वाटतं? तू काय म्हणालीस?"

तिने टॉवेलची पुन्हा घडी घातली.

"काय म्हणालीस?"

"तापात माणसाच्या हातून काहीही होतं," ती टॉवेलकडे बघत म्हणाली. "तुमचं नाव मोठं होतं हो. त्यातलं थोडं गेलं तरी उरेल असं वाटलं. त्याच्यापाशी तर काहीच नव्हतं."

मला ओरडता येईल असं वाटलं होतं. ओरडलो नाही. मेहुण्याने माझं काम चोरलं होतं, पण हिने मला विचारायला दुसरं माणूसच ठेवलं नव्हतं. मी हिच्याजवळ रडलो होतो. रविवारी सकाळी डबा माझ्या हातात देताना ती म्हणायची, "त्याला सांगा, गरम करून खा." अकरा वर्षं मला वाटत होतं की माझ्या पापात बायको मला साथ देते आहे. ती स्वतःचं पाप माझ्या हातून त्याच्याकडे पोचतं करत होती.

मेहुणा परतला आणि दोनदा घरी येऊन गेला. पाटीवर नाव पुन्हा लावतो म्हणाला. मी म्हटलं, पाटी राहू दे. मी दुकानात गेलो नाही. घरात आम्ही दोघं लागेल तेवढंच बोलत होतो, पाणी आलं, गॅस संपला, असं.

मग पहिला रविवार आला. बायकोने सवयीने डबा भरून टेबलावर ठेवला. मी हत्यारांची पिशवी उचलली, डबा उचलला नाही.

"तो तू घे," मी म्हणालो. "आणि त्याला तूच सांग."

तिने डबा उचलला. मग तिने चपला घातल्या.

दोन बस बदलून गेलो. बसमध्ये ती खिडकीशी, डबा मांडीवर. वॉचमनच्या खोलीसमोर मी रस्त्याच्या अलीकडेच थांबलो. तिने एकदा मागे वळून पाहिलं. मी मान हलवली नाही. तिने दार वाजवलं, ते उघडलं, कुबडीचं टोक दिसलं, ती आत गेली.

मी झाडाच्या कट्ट्यावर बसून राहिलो. आत काय चाललं असेल याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. पदराने तोंड पुसत रस्ता ओलांडून माझ्यापाशी आली. डबा तसाच तिच्या हातात होता, झाकणही उघडलेलं नव्हतं.

"घेतला नाही," ती म्हणाली.

मी कट्ट्यावरून उठलो.

"म्हणाला, त्यांना आत पाठवा. पंखा आवाज करतोय."

मी पिशवी डाव्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडला.